२-० आणि ३-१ ला बॅट कधी घालायची? (फास्टपिच सॉफ्टबॉल, १७ वर्षांखालील मुली)

मैदान_क्रमांक_दोन

शालेय संघासाठी विचारतोय. जिल्हा आणि विभाग पातळीवर काउंट (आधी बॉल, मग स्ट्राइक; चार बॉल झाले की वॉक म्हणजे फुकट पहिला बेस, तीन स्ट्राइक झाले की आउट) बऱ्याचदा आमच्या बाजूने येतो, पण पदरात काही पडत नाही. वरच्या फळीतल्या मुली २-० किंवा ३-१ झालं की "आता फटकाच" असं ठरवून उभ्या राहतात आणि छातीवर आलेला चेंडू उचलून शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरच्या) हातात देतात. खालच्या तिघी-चौघींचं उलट. २-० ला मधोमध आलेला चेंडू नुसता बघतात, आणि मग २-२ ला घाईघाईत काहीतरी मारतात.

मी सध्या ३-० ला सरसकट टेक (चेंडू सोडायची सूचना) देतो, बाकी सगळं मुलींवर सोडतो. विचारायचं ते असं: प्रत्येक काउंटला वेगळी सूचना असावी का? ३-० ला मारायची मुभा द्यावी का, आणि कोणाला? आणि याचा सराव घ्यायचा कसा? १४ मुली, एक नेट, दीड तास. समोरच्या पिचर साधारण ताशी ७५ ते ८५ किमीच्या. फास्ट आणि चेंज-अप (फसवा हळू चेंडू) सगळ्यांकडे, ड्रॉप (शेवटी खाली पडणारा) काहींकडे, विभागात गेल्यावर राइझही (वर चढल्यासारखा वाटणारा) भेटतो.

थर्डबेस_कोचबॉक्स

सर, आधी नुकसान नेमकं कुठे होतं ते बघा. २-० ला मुलीने स्ट्राइक सोडला, काउंट २-१. मारायला गेली आणि चुकली, २-१. फाउल (रेषेबाहेर) गेला, तरी २-१. तिन्हीत काउंट अजून तिच्याच बाजूला आहे. खरं नुकसान एकाच प्रकारात: नको त्या चेंडूला बॅट लागली आणि हलका ग्राउंडर (जमिनीवरून) किंवा पॉप-अप (सोपा उंच झेल) गेला. तिथे काउंटही गेला आणि मुलगीही. म्हणजे फायद्याच्या काउंटला धोका चेंडू चुकण्याचा नसून अर्धवट लागण्याचा आहे. ही गोष्ट मुलींना पटली की वरच्या फळीची घाई आणि खालच्या फळीची भीती, दोन्ही बऱ्याच कमी होतात.

म्हणून "मारा" किंवा "सोडा" अशी सूचना देऊच नका. किती जागेतला चेंडू मारायचा ते सांगा. प्लेट ४३ सेंमी रुंद. १२ इंची चेंडूचा व्यास जवळपास ९.७ सेंमी. चेंडूची कड प्लेटच्या कडेवरून गेली तरी स्ट्राइक, म्हणजे अंपायरच्या हिशेबाने रुंदी ६२ सेंमीच्या आसपास जाते. एवढ्या सगळ्या जागेतला चेंडू जोरात मारणारी मुलगी शालेय संघात नसते. प्लेटवर चेंडू शेजारी-शेजारी ठेवून दाखवा, साडेचार बसतात. मग असं ठरवा:

१-० ला तीन चेंडूंची रुंदी. २-० आणि ३-१ ला दोनच, उंची मांडीच्या मध्यापासून बेंबीपर्यंत. २-१ ला पुन्हा तीन किंवा थोडी जास्त, कारण तिथे स्ट्राइक सोडला की २-२ होतं आणि फायदा संपतो. ३-२ ला हे सगळं विसरायचं. तो फायद्याचा काउंट नाही, पूर्ण झोन (स्ट्राइकची जागा) सांभाळायचा आणि कडेचा चेंडू फाउल करून जिवंत राहायचं.

हे "दोन चेंडू" प्रत्येकीचे वेगळे असतात. उशिरा स्विंग करणारीला मधला आणि बाहेरचा जमतो, लवकर हात फिरवणारीला मधला आणि आतला. टॉसवर (जवळून हलके फेकून) वीसेक चेंडू मारून घेतले की कळतं. एकदा कळलं की तिच्या नावापुढे लिहून ठेवा आणि तिलाही सांगा. "चांगला चेंडू मार" या सूचनेतून तिला काही मिळत नाही. "तुझा मधला-बाहेरचा, कंबरेखाली" यातून मिळतं.

चेंज-अपबद्दल एकच नियम: दोन स्ट्राइक होईपर्यंत तो आपला नाही. २-० ला फास्टच्या वेळेवर उभं राहायचं. चेंज-अप आला आणि झोनमध्ये पडला तर पडू दे, एक स्ट्राइक गेला. दोन्ही वेगांची वाट बघणारी मुलगी दोन्हींना उशीर करते.

आणि स्विंग तोच ठेवायचा. ३-१ ला सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे जोर वाढवणं. पुढचा खांदा आधी उघडतो, डोकं डावीकडे खेचलं जातं, बॅट चेंडूखालून जाते. जागा लहान करायची, ताकद वाढवायची नाही.

वर्तुळातून

पिचरच्या बाजूचं थोडं सांगते.

जिल्हा पातळीवर मागे पडलेली पिचर आपल्या सगळ्यात भरवशाच्या चेंडूकडे जाते आणि तो जवळपास नेहमी फास्ट असतो. कॅचरही ग्लोव्ह कडेवरून उचलून मधोमध आणते. म्हणजे वर दिलेला "दोन चेंडूंचा" भाग बरोबर तिथेच भेटतो. आणखी एक बघा. सलग दोन चेंडू खाली जमिनीवर गेले की ती सुधारायला जाते आणि तिसरा बऱ्याचदा वर येतो. दोन बाहेर गेले की तिसरा मधे किंवा आत. २-० कसा झाला हे मुलीला आठवत असेल तर अर्धं काम झालं.

विभागातली चांगली पिचर मात्र नेमका याच घाईचा फायदा घेते. २-० ला राइझ. तो खरंतर चढत नाही. उलट्या फिरकीमुळे डोळ्याला अपेक्षित असतो त्यापेक्षा कमी पडतो, म्हणून बॅट खालून जाते आणि तुमच्या शॉर्टस्टॉपच्या हातातले ते सोपे झेल निघतात. त्यावर उपाय असा की फास्टपिचमध्ये चेंडू कमरेच्या-मांडीच्या उंचीवरूनच सुटतो. मारण्याजोगा फास्ट तिथून जवळपास सपाट येतो. पहिल्या चार-पाच मीटरमध्ये चेंडू वर निघालेला दिसला की तो सोडायचा, मग तो मधोमध का वाटेना. ड्रॉपचं उलट: गुडघ्याजवळ दिसला की तो पुढे घोट्यापर्यंत जाणार. २-० ला दोन्ही सोडण्याची चैन परवडते, २-२ ला नाही. फायद्याच्या काउंटचा खरा फायदा मला हाच वाटतो.

वेळेचाही हिशेब सांगते. पिचर ते प्लेट ४३ फूट म्हणजे १३.११ मीटर, त्यात पिचर पुढे पाऊल टाकून दीड-दोन मीटर कापते. ताशी ८० किमीचा चेंडू उरलेलं अंतर साधारण अर्ध्या सेकंदात येतो. स्विंगलाच त्यातला तिसरा भाग लागतो. म्हणजे चेंडू निम्म्यावर यायच्या आधी निर्णय हवा. चेंडू सुटल्यावर "मारू का?" असं विचारायला लागलेली मुलगी नेहमी उशिरा पोचते. प्रत्येक चेंडूला मारायचंच अशा तयारीने जायचं आणि आपला नसेल तर थांबायचं. पिचरचा हात डोक्यावर असताना वजन मागच्या पायावर आलेलं असलं पाहिजे. तुमच्या खालच्या फळीतल्या मुली बहुतेक वजन मागे न घेताच चेंडू बघत असणार. त्यांना चेंडू आवडला तरी स्विंग निघणार नाही. बाहेरून बघताना वाटतं धीर नाही, असतं ते पायाचं काम.

एक सावधगिरी. दोन आउट, पहिला बेस रिकामा, दुसऱ्यावर किंवा तिसऱ्यावर रनर, आणि बॅटिंगला तुमची सगळ्यात चांगली मुलगी. इथे ३-१ कागदावर फायद्याचा आहे. पण पिचरला वॉक चालणार आहे, कारण मागे कोण येतंय ते तिने बघितलेलं असतं. मधला चेंडू येणार नाही. कडेचा येईल, आणि हावेपोटी मारायला गेली की ग्राउंडर.

स्कोअरबुक_वाला

थोडं गणित, कारण टेक देण्यावर सगळे अंदाजाने बोलतात.

समजा बॅटर अजिबात मारत नाही, नुसती उभी आहे, आणि पिचरचे शंभरातले ५० चेंडू स्ट्राइक पडतात. ३-० पासून वॉक मिळण्याची शक्यता ८७ टक्के, ३-१ पासून ७५, २-० पासून ६९. तीच पिचर ६० टक्के स्ट्राइक टाकत असेल तर आकडे ७८, ६४ आणि ५२. ७० टक्के टाकत असेल तर ६६, ५१ आणि ३५.

यात बघायचं ते २-० कडे. ५० टक्केवाल्या पिचरसमोर खालच्या फळीतली मुलगी २-० ला नुसती उभी राहिली तरी तीनातून दोनदा बेसवर जाते. तिच्या बॅटने ते होणार नाही. ७० टक्केवालीसमोर तीच मुलगी उभी राहिली तर तीनातून दोनदा आउट. म्हणजे "२-० ला सोड" ही सूचना बरोबर की चूक हे समोरच्या पिचरवर ठरतं आणि ते पहिल्या दोन इनिंगमध्ये मोजता येतं. बाकावरच्या एका मुलीला वही द्या. बॅटरने सोडलेले चेंडू किती आणि त्यातले स्ट्राइक किती, एवढंच लिहायचं. मारलेले यात धरायचे नाहीत, नाहीतर वाईट चेंडूंवर मारलेली बॅट पिचरला फुकटचे स्ट्राइक देते.

दोन दुरुस्त्या. ३-० ला बऱ्याच पिचर वेग कमी करून नुसता चेंडू मधे ठेवतात, त्यामुळे तिथली स्ट्राइकची टक्केवारी एरवीपेक्षा जास्त धरा. आणि ३-० ला टेक दिल्यावर ३-१ झाला की लगेच दुसरा टेक देणं ही वेगळी गोष्ट आहे, त्याला वेगळा विचार हवा. ६० टक्क्यांच्या वरच्या पिचरसमोर मी ३-१ ला टेक कधीच देणार नाही.

३-० ला मात्र माझं मत सरसकट टेकचंच. झोनमधल्या चेंडूवर दहात चार वेळा हिट काढणारी मुलगी शालेय संघात रत्न समजायची. तिच्यासाठीसुद्धा वॉकची ६६ टक्के शक्यता सोडण्यात अर्थ नाही.

थर्डबेस_कोचबॉक्स

गणित बरोबर, पण त्यात वॉक आणि हिट एकाच मापाने मोजलेत. बेस रिकामे असतील तर ते मान्य. दुसऱ्या-तिसऱ्यावर रनर आणि दोन आउट असतील तर वॉकने फक्त बेस भरतात, धाव येत नाही. पुढे आठव्या क्रमांकाची मुलगी असेल तर इनिंग तिथेच संपायची शक्यता मोठी. अशा वेळी हिटने दोन धावा येतात.

म्हणून ३-० ला माझी मुभा अशी: संघातल्या एक-दोघींनाच, रनर दुसऱ्या किंवा तिसऱ्यावर असताना, पिचर झोनमध्ये टाकणारी असताना, आणि जागा एकाच चेंडूएवढी. मधोमध, फास्ट, बेल्टखाली. बाकी सगळं सोडायचं. बेस भरलेले असतील तर मात्र मीही टेक देतो, तिथे वॉक म्हणजे धावच. चार-पाच धावांनी मागे असू तेव्हाही टेक. तिथे एका फटक्याने काही होत नाही, रनर हवेत.

खालच्या फळीला सतत टेक देण्याबद्दल वेगळं मत नोंदवतो. सामना जिंकायला ते उपयोगी पडतं, पण ती मुलगी वर्षभर उभं राहायलाच शिकते. राज्य स्पर्धेत ७० टक्केवाली पिचर समोर आली की तिच्याकडे काहीच नसतं. साखळीतल्या सोप्या सामन्यात तिला २-० ला दोन चेंडूंची जागा देऊन मारू द्या.

प्लेटमागे

अंपायरिंगच्या बाजूने थोडक्यात.

३-० ला अंपायरचा झोन थोडा सैल (मोठा) होतो अशी तक्रार सगळे करतात आणि ती अगदीच खोटी नाही. ३-० ला कडेचा चेंडू बॉलच मिळेल असं धरून पहिल्या बेसकडे निघू नका. बॅट टाकून निघालेल्या बॅटरला परत बोलवावं लागलं की तिचं लक्ष पुढच्या चेंडूवर राहत नाही.

थांबवलेला स्विंग: जागा लहान केली की मुली अर्ध्यातून बॅट थांबवायला लागतात. मनगट फिरून बॅटचं टोक पुढे गेलं तर स्ट्राइक मिळू शकतो, आणि मी नाही म्हटलं तरी कॅचर बेस अंपायरला विचारायला लावते. थांबायचं तर हात पुढे जायच्या आधी.

डावखुऱ्या स्लॅपरना (पळता पळता चेंडू मारणाऱ्या) सांगा, चेंडू बॅटला लागताना पाय पूर्ण बॉक्सच्या बाहेर जमिनीवर असेल तर आउट. २-० ला उतावळ्या होऊन लवकर निघतात तेव्हा हे हमखास होतं.

आणि एक गोष्ट प्रशिक्षक विसरतात. फास्टपिचमध्ये वॉकवर चेंडू चालूच असतो. तिसऱ्यावर रनर असताना वॉक मिळालेली मुलगी पहिल्या बेसवर न थांबता दुसऱ्याकडे गेली तर बचाव करणाऱ्यांना ठरवावं लागतं, दुसऱ्यावर फेकायचं की तिसऱ्याकडे बघत राहायचं. फेकला तर तिसऱ्यावरची घरी येऊ शकते. अट एवढीच की तिने बेस ओलांडून रेंगाळायचं नाही. चेंडू पिचिंगच्या वर्तुळात पिचरच्या हातात असताना थांबली की लगेच पुढे किंवा मागे जावंच लागतं, आणि निघाल्यावर दिशा बदलली तर आउट. पण यामुळे तिसऱ्यावर रनर असताना वॉकची किंमत वाढते, ती वरच्या गणितात धरा.

मैदान_क्रमांक_दोन

खूप कामाचं मिळालं. दोन शंका राहिल्या. पहिल्यावर रनर असेल तर फायद्याच्या काउंटला हिट-अँड-रन (रनर आधीच पळतो, बॅटरने मारायचंच) लावावा का? आणि सरावाचं कोणी लिहिलं नाही.

थर्डबेस_कोचबॉक्स

हिट-अँड-रनला २-१. पिचरला ३-१ नको असतं म्हणून चेंडू झोनजवळ येतो, आणि कॅचर मुद्दाम बाहेर चेंडू मागायला कचरते. २-० ला लावू नका. तिथे मुलीला काहीही आलं तरी मारायला भाग पाडता आणि सगळा फायदा स्वतःच टाकून देता. ३-१ ला रनर पळवायचा तर पळवा, पण बॅटर मोकळी ठेवा. बॉल पडला तर वॉकच आहे. स्क्वीझही (तिसऱ्यावरच्या रनरला घरी आणायला बंट, म्हणजे बॅट नुसती पुढे धरून टाकलेला चेंडू) १-० किंवा २-१ ला. दोन स्ट्राइकवर बंट फाउल गेला की आउट, म्हणून त्याआधीच.

वर्तुळातून

सराव. १४ मुली, तीन गट.

पहिला गट नेटमध्ये. प्रशिक्षक जाळीमागे बसून आठ-नऊ मीटरवरून अंडरहँड टाकतील. प्रत्येकीला आठ चेंडू, प्रत्येक चेंडूआधी काउंट मोठ्याने सांगायचा: २-०, ३-१, १-०, मधेच एखादा १-२. आठपैकी तीन तिच्या जागेत, तीन स्ट्राइक पण जागेबाहेर, एक चेंज-अप, एक सरळ बॉल. गुण: आपल्या जागेतला पूर्ण स्विंगने मारला तर एक, सोडला तर उणे एक. २-० किंवा ३-१ ला जागेबाहेरचा मारला तर उणे दोन, भले तो कुंपणाला लागो. हा शेवटचा नियम ढिला करू नका. चुकीच्या चेंडूवर नशिबाने हिट मिळाली की टाळ्या वाजतात, आणि मग ती सवय काढायला मोसम जातो. १-२ ला मात्र झोनमधलं काही सोडलं की उणे दोन.

दुसरा गट पिचरच्या सरावात हेल्मेट घालून बॅटसह उभा. मारायचं नाही. पाय आणि वजन खऱ्यासारखं, आणि चेंडू ग्लोव्हमध्ये जायच्या आधी "माझा" किंवा "नाही" ओरडायचं. ग्लोव्हचा आवाज आल्यावर ओरडलं तर मोजायचं नाही. कॅचर सांगते बरोबर की चूक. पिचरनाही सामन्यासारखा सराव मिळतो.

तिसरा गट टीवर (चेंडू ठेवायचा स्टँड). प्लेटवर चार चेंडू रांगेत ठेवून आपल्या दोन जागांवर टी हलवायचा, दोन्हीकडे दहा-दहा. २०-२५ मिनिटांनी गट बदला. उरलेल्या वेळात प्रत्येक बॅटर ३-१ ने सुरू करेल असा छोटा सामना.

पहिल्या आठवड्यात मुली खूप जास्त सोडतील. सोडू द्या, पण दुसऱ्या आठवड्यातही जागेतले चेंडू जात असतील तर जागा वाढवून तीन चेंडूंची करा. काही मुलींना दोनची जागा फार बारीक पडते आणि त्या पुन्हा नुसत्या बघायला लागतात.

मैदान_क्रमांक_दोन

३-० ची मुभा दोघींनाच देणार आहे. सिग्नल वेगळा ठेवू की टेकचाच उलट?

थर्डबेस_कोचबॉक्स

३-० ला सिग्नल नाही म्हणजे टेक, असं ठरवा. मारायचं असेल तेव्हाच सिग्नल, आणि मुलीने हेल्मेटला हात लावून पोच द्यायची. ती बघायला विसरली तर एक स्ट्राइक जाईल. उलट ठेवलंत आणि टेक बघायला विसरली, तर आउट जाईल.